ऱ्हाइन फायरच्या २०२३च्या विजेतेपदाबद्दल खुलासा

‘एनएफएल युरोप पुन्हा सुरू झाली आणि ऱ्हाइन फायरने २०२३ मध्ये तिसरा वर्ल्ड बोल जिंकला’ असा मेसेज अमेरिकन फुटबॉलच्या ग्रुपांवर फिरतो आहे. ऱ्हाइन फायर हा जर्मनीतला अमेरिकन फुटबॉलचा संघ. विजेतेपद खरं आहे, पण स्पर्धा ती नाही.

एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगने आपली युरोपातली लीग जून २००७ मध्येच बंद केली. वर्ल्ड बोल, म्हणजे तिचा अंतिम सामना, तोही तेव्हाच संपला. जुन्या ऱ्हाइन फायरने तो १९९८ आणि २००० मध्ये जिंकला होता. २०२३चा संघ खेळला युरोपियन लीग ऑफ फुटबॉलमध्ये. ही २०२१ साली सुरू झालेली वेगळी लीग. जुनी नावं तिने एनएफएलच्या परवानगीने घेतली. ऱ्हाइन फायर तिच्यात २०२२ मध्ये आला. मेसेजची गल्लत बहुधा नावामुळेच झाली असावी. त्यात २०२३चे प्रशिक्षक जिम टॉमसुलाही जुन्या संघाकडचेच!

लीगच्या निकालांत सगळं नोंदलेलं आहे: साखळीतले बाराही सामने जिंकले, आणि २४ सप्टेंबरला डुइसबर्गच्या अंतिम सामन्यात स्टुटगार्ट सर्जवर ५३–३४ अशी मात. इतका देखणा हंगाम चुकीच्या नावावर जमा होऊ नये असं मनापासून वाटतं. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.