चार्टवर शेजारी दिसली म्हणून पावडर बदलता येत नाही

माझा मेव्हणा ॲरिझोनात असतो आणि .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरीच भरतो. मीही टेक्सासात तेच करतो. अमेरिकेत आपल्यापुरती भरायला मुभा आहे. (भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्यांनी हे नुसतं वाचावं.) त्याने परवा एक मेसेज पुढे ढकलला आणि वर लिहिलं, "दाजी, हे बघा, आता एच-११० साठी दुकानाच्या चकरा नकोत." (एच-११० ही मॅग्नम काडतुसात भरायची एक पावडर, म्हणजे दारू.) तोच मेसेज आणखी दोघा-तिघांकडूनही आला, म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजचा सारांश असा: मॅग्नमची नेहमीची पावडर मिळत नसेल तर ज्वलनवेगाच्या चार्टवर तिच्या वरखालची कुठलीही घ्या. वजन तेच धरा, त्यातून दहा टक्के कमी करा आणि भरा. कमी भरल्याने कधी कुणाचं वाकडं होत नाही. पावडर किती भरायची याचे मॅन्युअलमधले आकडे वकिलांना घाबरून खाली आणलेत. प्रेशर वाढलंच तर वापरलेला प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, ठिणगी देणारी टोपी) बघून कळतं. आणि तसंही एच-११० आणि विंचेस्टर २९६ एकच आहेत, मग एवढं काय?

शेवटचं खरं आहे, ते आधी देऊन टाकतो. एच-११० आणि २९६ ही एकच पावडर दोन डब्यांत विकली जाते. दोन्ही हॉजडन ही एकच कंपनी विकते आणि दोन्हींचा डेटाही (कुठल्या गोळीमागे किती भरायची ते) तोच छापते. एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ या दुसऱ्या दोन नावांचंही तसंच. पण जुळी भावंडं सारखी दिसतात म्हणून गल्लीतली सगळी पोरं एकाच आईची ठरत नाहीत. ही एक खरी गोष्ट पुढे करून बाकीचं सगळं गळी उतरवलं जातं, माझा राग त्यावर आहे.

आता चार्ट. त्यात पावडरी वेगाच्या क्रमाने नुसत्या एकाखाली एक लिहिलेल्या असतात. दोन नावांमध्ये अंतर किती, ते त्यात नसतंच. दोन कंपन्यांचे चार्ट शेजारी ठेवले तर क्रमही जुळत नाही. शिवाय पावडर किती वेगाने जळते हे प्रेशरवर अवलंबून असतं, आणि प्रेशर गोळीच्या वजनावर, पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात) उरलेल्या जागेवर, प्रायमरवर. आयएमआर ४२२७ ही दुसरी पावडर लांबट दाण्यांची, सिंगल बेस (नुसत्या नायट्रोसेल्युलोजची), जागा खाणारी. एच-११० बारीक गोल दाण्यांची, डबल बेस (नायट्रोग्लिसरीनही मिसळलेली), जड. चार्टवर दोघी जवळ दिसतात, पुंगळीत त्यांचं वागणं निराळं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, अलायंट या पावडर कंपनीवर ठेवा. ब्लू डॉट ही त्यांची स्वतःची पावडर, मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये वर्षानुवर्षं वापरात असलेली. जुलै २००८ मध्ये त्यांनीच सुरक्षा सूचना काढली: .३५७ मॅग्नममध्ये १२५ ग्रेनच्या (साधारण ८ ग्रॅमच्या) गोळीमागे ब्लू डॉट वापरू नका, आणि .४१ मॅग्नममध्ये तर कुठल्याच वजनाच्या गोळीमागे नको. .३५७ मध्येच जड गोळीमागे मात्र चालेल. म्हणजे पावडर तीच, पुंगळी तीच, फक्त गोळी बदलली आणि उत्तर बदललं. ज्या कंपनीकडे प्रेशर मोजायची यंत्रं आहेत तिला आपल्याच पावडरीबद्दल असं सांगावं लागतं. आणि आपण रकान्यातली वरची ओळ बघून ठरवणार?

सगळ्यात डोकं फिरलं ते दहा टक्क्यांवर. हा आकडा बहुधा हॉजडनच्याच सूचनेतून उचललाय. सुरुवातीचा चार्ज (भरायच्या पावडरीचं वजन) दिलेला नसेल तर कमाल चार्जच्या दहा टक्के खाली सुरुवात करा, असं ते सांगतात. पण त्यातच अपवाद आहे: एच-११० आणि २९६ फक्त तीन टक्क्यांनी कमी करा. मेसेज लिहिणाऱ्याने नियम घेतला आणि ज्या पावडरीवरून हा सगळा खटाटोप, नेमका तिचाच अपवाद गाळला.

अपवाद का, तेही बघा. या पावडरीच्या दाण्यांवर जळणं धीमं करणारा लेप असतो. नीट पेटायला तिला भरलेली पुंगळी, जड गोळी, घट्ट क्रिम्प (गोळीभोवती दाबलेलं पुंगळीचं तोंड) आणि जास्त जोराचा मॅग्नम प्रायमर लागतो. चार्ज जास्त खाली नेला की मोठा आवाज येण्याऐवजी नुसतं 'फट' होतं, सिलिंडरमधून न जळलेले पिवळसर दाणे सांडतात आणि गोळी नळीत अडकून बसते. ती अर्धी सिलिंडरमध्ये, अर्धी नळीत अडकली तर सिलिंडर फिरतच नाही. तो माणूस नशीबवान. पूर्ण नळीत गेली असेल तर सिलिंडर फिरतं, घोडा पुन्हा ओढला जातो, दुसरी गोळी पहिलीवर आपटते आणि नळी फुगते किंवा फाटते. म्हणे कमी भरल्याने काही होत नाही!

हेच दहा टक्के उलट बाजूनेही अंगाशी येतात. एच-११० च्या कमाल वजनातून दहा टक्के काढून तेवढीच अलायंट २४०० भरली, तर ते २४०० च्या स्वतःच्या कमाल मर्यादेच्या वर जाऊ शकतं. चार्टवर या दोघी अगदी जवळ असतात. आपण सावधगिरी बाळगतोय असं वाटत असताना माणूस ओव्हरलोड भरत असतो.

वकिलांबद्दल थोडं मान्य करतो. .३५७ मॅग्नमची प्रेशरची मर्यादा आधी तांब्याच्या क्रशरने मोजलेली ४५,००० सीयूपी होती, आता ट्रान्सड्यूसरने मोजलेली ३५,००० पीएसआय आहे. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, तरी जुने काही लोड (गोळी आणि पावडरीचे ठरलेले मेळ) आजच्यापेक्षा तिखट होते हे खरं. पण ते बंदुकांना पचत होते असं नाही. १९५५ साली आलेल्या स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल १९ मध्ये नळीचं मागचं टोक खालून सपाट तासलेलं असतं, क्रेनला (सिलिंडर ज्या बिजागरीवर बाहेर येतं तिला) जागा मिळावी म्हणून. हलक्या १२५ ग्रेन गोळीचे जोरदार लोड सतत मारले की चीर तिथेच पडायची.

प्रायमर बघून प्रेशर कळतं, यावर फार शब्द घालवत नाही. चपटा झालेला प्रायमर मर्यादेच्या आतही दिसतो आणि मर्यादा ओलांडल्यावर कधी कधी दिसतही नाही. तुमचं सहा गोळ्यांचं सिलिंडर हातात घेऊन बाहेरून बघा. बऱ्याच मॉडेलांत सिलिंडर जागी अडकवणारी थांब्याची खाच बरोबर चेंबरच्या (काडतूस बसतं त्या भोकाच्या) डोक्यावर कोरलेली असते, म्हणजे जिथे भिंत आधीच सगळ्यात पातळ. प्रायमरकडे बघून त्या भिंतीचं काय चाललंय ते कळत नाही.

एच-११० मिळत नसेल तर पर्याय भरपूर आहेत: २४००, अ‍ॅक्युरेट नंबर ९, व्हिटाव्हुओरी एन-११०, ३००-एमपी, आयएमआर ४२२७. जी मिळेल ती घ्या. फक्त तिचा चार्ज तिच्याच कंपनीच्या डेटातून, तुमच्याच वजनाच्या आणि प्रकारच्या गोळीसाठी, त्यात लिहिलेल्या प्रायमरसह घ्या. तो डेटा कंपन्यांच्या साइटवर फुकट आहे. मेव्हण्याला अ‍ॅक्युरेट नंबर ९ चा एक डबा मिळालाय आणि त्या पानाची लिंक मी त्याला पाठवलीय.