कॉलेजच्या पोरांना पेशंटचं करायला शिकवा

आज डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसलेय. मोठं होणार आहे, वेळ असेल तेव्हा वाचा पण वाचा.

तालुक्याच्या एका कॉलेजने आज मीटिंगला बोलावलं होतं. डिग्रीच्या पोरापोरींसाठी रुग्ण सहाय्यकाचा सर्टिफिकेट कोर्स सुरू करता येईल का असा विषय, म्हणजे जीडीए म्हणतात ते, जनरल ड्युटी असिस्टंट. शनिवार-रविवार वर्ग आणि मग हॉस्पिटलात प्रॅक्टिकल. आयुष्य वॉर्डात गेलेली रिटायर सिस्टर म्हणून मला मत विचारायला बोलावलं. मी हौसेने गेले, काय काय शिकवता येईल ते लिहून घेऊन गेले. कागद पर्समधून बाहेर काढायची वेळच आली नाही. पालकांच्या वतीने बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, पोरांना डिग्रीला घातलंय ते लोकांची हागणी-मुतणी काढायला नाही." आणि टेबलाभोवती एवढी शिकलेली माणसं बसलेली, एकानेही त्यांना थांबवलं नाही, दोघंतिघं तर हसली. मग कुणीतरी म्हणालं त्यापेक्षा टॅलीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर हिशेब ठेवायचा कोर्स घेऊया, मागणी आहे. चहा आला. झालं, विषय संपला.

मी तिथं जे बोलले नाही ते इथं बोलते.

सरकारी दवाखान्यात पुरुषांच्या मेडिकल वॉर्डला होते तेव्हाची गोष्ट. एक आजोबा पॅरालिसिसने आले, उजवी बाजू पूर्ण गेलेली, बोलणं गेलेलं, लघवीची नळी घातलेली. जवळ कोण तर नातू, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. आई-बाप उसाच्या तोडीला. पोरगा कॉटखाली चटई टाकून झोपायचा, अकाउंटन्सीचं पुस्तक उशाला. आम्ही सगळ्या त्याला बीकॉमच म्हणायला लागलो, "बीकॉम, पाणी आण रे," "बीकॉम, डॉक्टर आलेत." पहिल्या दिवशी आजोबांचं अंथरूण खराब झालं तेव्हा बाहेर जाऊन ओकून आला बिचारा. दुसऱ्या दिवशी म्हणाला सिस्टर मला दाखवा कसं करायचं.

दाखवलं. पेशंट आडवा असताना त्याला न उचलता चादर कशी बदलायची, एका कुशीवर घ्यायचं, जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळत न्यायची, तिच्यामागे नवी अंथरायची, मग दुसऱ्या कुशीवर. दर दोन तासांनी कूस बदलायची, डावी, सरळ, उजवी. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. माकडहाड, टाचा, कोपरं रोज उजेडात बघायची, लाल डाग दिसला आणि बोटाने दाबून तो पांढरा पडला नाही तर लगेच सांगायचं. लघवीची बॅग नेहमी कमरेच्या खाली, कॉटवर ठेवायची नाही, जमिनीला टेकवायची नाही. भरवताना पाठ उंच, आणि भरवल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. हे सगळं त्याने अकाउंटन्सीच्या वहीच्या मागच्या पानावर रकाने आखून उतरवलं. वेळ, कूस, पाणी किती गेलं, लघवी किती झाली, आणि शेवटी सही! जमा-खर्चाची वही लिहावी तशी. आमच्या ट्रेनिंगच्या मुलींचे इनटेक-आउटपुट चार्ट मी तपासलेत, इतके स्वच्छ फार कमी बघितले.

एका रात्री दोन वाजता हा टेबलापाशी आला. माझ्याकडे सगळा वॉर्ड आणि त्यात कॅज्युअल्टीतून नवीन पेशंट वर आलेला. म्हणाला, "सिस्टर, आठपासून बॅगेत काहीच आलं नाही, पाणी तर दोन ग्लास गेलंय." आजोबा तळमळत होते पण सांगणार कसं, तोंडातून शब्द फुटत नव्हता. बघितलं तर नळी मांडीखाली दाबली गेलेली. सरळ केली, बॅग भरायला लागली, म्हातारं शांत झोपलं. ही काय हागणी-मुतणी आहे का हो? ज्यांनी आपल्या माणसाला लघवी तुंबून तळमळताना बघितलंय त्यांना विचारा याची किंमत.

आणि एक सांगते, आज त्या टेबलावर हसलेल्यांच्या घरी उद्या वेळ येणारच आहे. 2011 च्या जनगणनेतच आपल्या राज्यात शंभरात दहाच्या आसपास माणसं साठीच्या वरची होती, आता तर कितीतरी जास्त असतील. पोरं पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेला. मग आई पडली, खुब्याचं हाड मोडलं की पळापळ, पेशंटजवळ माणूस पुरवणाऱ्या ब्युरोला फोन. ब्युरोवाला पाठवतो एक बाई, जी कालपर्यंत धुणी-भांडी करत होती. तिचा काय दोष, तिला कुणी शिकवलंच नाही. आमच्याच कॉलनीत इंजिनिअर मुलगा वडिलांना आडवं झोपवून चमच्याने दूध पाजत होता, ठसका लागायचा तर पाठ थोपटायचा. ते दूध छातीत जाऊन न्यूमोनिया होतो हे त्याला माहीतच नाही! बीकॉमला माहीत होतं. शेजारच्या कॉटवरच्या बाबांना त्यांचे नातेवाईक झोपवून भरवायला लागले की हा उठून जायचा, "आधी बसतं करा त्यांना" म्हणायचा आणि कॉटचा हँडल स्वतः फिरवायचा.

आता म्हणाल सिस्टरबाई, नर्सिंग कॉलेजं आहेत की. आहेत ना. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. ते वेगळं, तो पेशा आहे, नर्सिंग कौन्सिलला नोंदणी लागते. मी म्हणतेय ते सहाय्यकाचं, बीए-बीकॉम करता करता शिकायचं. स्पंज देणं, कूस बदलणं, टीपीआर म्हणजे ताप-नाडी-श्वास मोजणं, भरवणं, बेडपॅन देणं, व्हीलचेअरवर घेणं, हात धुणं, कचरा कुठल्या रंगाच्या पिशवीत टाकायचा ते. इंजेक्शन नाही, सलाईन नाही, स्वतःच्या मनाने गोळी नाही. ही रेघ पहिल्या दिवशी आखून द्यायची आणि ती ओलांडणाऱ्याला घरी पाठवायचं, यात मी कुणाचं ऐकणार नाही.

कारण ही रेघ पुसून धंदा करणारे गल्लोगल्ली बसलेत. एसटी स्टँडच्या भिंतीवर बघा, सहा महिन्यांत नर्स बना, शंभर टक्के नोकरी. गरीब घरातल्या पोरी, बाप कानातलं मोडून फी भरतो, पोरगी पांढरा ड्रेस घालून छोट्या दवाखान्यात सलाईन लावायला लागते आणि दोन वर्षांनी कळतं की या कागदावर कुठलीच नोंदणी होत नाही. रडत आलेल्या पोरी मी बघितल्यात हो. चीड येते. चांगला रस्ता आपण कॉलेजात बंद ठेवतो म्हणून तर या पोरी त्या दुकानात जातात!

बीकॉमनेही विचारलं होतं. आजोबांना डिस्चार्ज मिळायच्या आदल्या संध्याकाळी, मी औषधाच्या ट्रॉलीपाशी उभी होते, म्हणाला, "सिस्टर, हे कॉलेज करत करत शिकता येतं का कुठं?" काय सांगणार? एएनएमला मुली घेतात. जीएनएम म्हणजे बीकॉम सोडायचं आणि तीन वर्षं पूर्णवेळ, घरचं कोण बघणार. आसपास असं काही नव्हतं आणि मी त्याला तसं सांगितलं. बरं म्हणाला आणि आजोबांची नखं कापायला गेला.

परवानग्या नाहीत म्हणावं तर तेही नाही. 2022 पासून यूजीसी एकाच वेळी दोन डिग्र्या करू देते, मग एका डिग्रीबरोबर एक सर्टिफिकेट का झेपू नये? नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी आलंय, ऑन जॉब ट्रेनिंग, क्रेडिट आहेत त्याला. आणि पोरं काय करतात, मामाच्या झेरॉक्सच्या दुकानाचा शिक्का मारून आणतात, सगळ्यांना माहितीये, कॉलेजलाही माहितीये. त्याऐवजी ग्रामीण रुग्णालयात सिस्टरच्या हाताखाली तास भरू द्या की. एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेतल्या पोराने वर्षाला 120 तास द्यायचे असतात, झाडं लावा, रस्ते झाडा, जरूर करा, पण त्यातले थोडे तास वॉर्डात दिले तर काय आभाळ कोसळणार आहे?

आणि हे आपल्या सातारा जिल्ह्यात बोलावं लागतंय याचं जास्त वाईट वाटतं. कर्मवीर भाऊराव अण्णांनी 1919 ला रयत शिक्षण संस्था काढली, कमवा आणि शिका म्हणून पोरांना शेतात राबवलं, त्यांच्या हाताला शेण लागलं, ती पोरं पुढं कलेक्टर झाली, कुलगुरू झाली. रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन काढलं आणि ज्या काळात चांगल्या घरची बाई दवाखान्यात परक्या माणसाला हात लावणार म्हटलं तर लोक अंगावर यायचे त्या काळात बायकांना नर्सिंगला पाठवलं. शंभरावर वर्षं झाली. आणि आपण आज मिटिंगीत हसतोय.

बरं, यातलेच लोक जर्मनीचं विचारतात मला! 2024 च्या फेब्रुवारीत आपल्या सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, 10,000 माणसं पाठवायची, त्यात नर्स आहेत, म्हाताऱ्यांचं करणारे आहेत. पेपरात आलं तसे माझे फोन सुरू, सिस्टर आमच्या पोराचं जमेल का. अहो तिथं पोरगा काय करणार आहे असं वाटतं तुम्हाला? तिथल्या आजोबांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, संडासला न्यायचं. तेच काम. युरोत पगार मिळाला की ते करिअर आणि इथल्या ग्रामीण रुग्णालयात आपल्याच गावच्या म्हातारीचं केलं की घाण, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

कोविडात कुठं गेली होती ही लाज? नातेवाईकांना आत सोडत नव्हते, एकेका सिस्टरकडे इतके पेशंट की तोंडाला पाण्याचा पेला लावायला माणूस नव्हता. तेव्हा केंद्राने 18 जून 2021 ला क्रॅश कोर्स काढला, एक लाखावर लोकांना तयार करायचं ठरलं, 26 राज्यांत 111 केंद्रं, होम केअर, बेसिक केअर असे सहा प्रकार. म्हणजे वरपर्यंत कळलेलं की असा माणूस लागतो. लाट ओसरली आणि गावोगावची चर्चाही ओसरली. पुढची साथ येईल तेव्हा परत घाईघाईने क्रॅश कोर्स काढायचा का?

हो, खासगी हॉस्पिटलं या पोरांना स्वस्तातली नर्स म्हणून राबवतील, मान्य, राबवतातच. आणि पगार कमी आहे, तेही मान्य. पण म्हणूनच तर कॉलेज मध्ये असायला पाहिजे ना, तासांची नोंद, स्टायपेंड, रात्रीच्या ड्युटीला बंदी, आणि सही सिस्टरची, मालकाची नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या गृहस्थांचाही इतका राग नाही आता. त्यांनी कधी जवळून बघितलं नसेल. शिक्षण म्हणजे पोराचे हात स्वच्छ राहणं असं आपल्याच पिढीने ठरवून टाकलं, पोटाला चिमटा काढून शिकवलेलं असतं, बापाच्या मनात भीती असतेच की पोरगं परत तिथंच जाईल जिथून मी त्याला बाहेर काढलं. ते मी समजू शकते. पण त्यांच्या पोराला कुणी विचारलं का? मीटिंगला एकही विद्यार्थी नव्हता.

बीकॉम मागे भेटला होता, बाजारात. फायनान्स कंपनीत आहे, हप्ते वसुलीला. गाडीवरून उतरून पाया पडला. आजोबा नंतर बरेच दिवस जगले म्हणाला, अंथरुणातच, पण पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही. आणि गल्लीत कुणी अंथरुणाला खिळलं की अजून त्यालाच बोलावतात, हा दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन येतो आणि संध्याकाळी जाऊन त्यांची कूस बदलून येतो, बायकोलाही शिकवलंय. फुकट करतो. ज्याच्या हाताला एवढी जाण आहे तो पोरगा दारोदार हप्ते मागत फिरतोय आणि माझ्या जुन्या वॉर्डात माणूस नाही, याचा राग मात्र उतरत नाही, तो उतरूही नये.

तर आता कामाचं. मी प्राचार्यांना मघाशी मेसेज टाकलाय की विषय परत घ्या आणि यावेळी विद्यार्थी बोलवा. मी शनिवारी शिकवायला फुकट येईन, माझ्या बॅचच्या दोघी तयार आहेत, अजून कुणी रिटायर सिस्टर, ब्रदर असतील तर इनबॉक्सला या. पहिली बॅच वीसची पुरे, त्यात मुलगे हवेतच, पुरुष पेशंटला स्पंज द्यायला पुरुष मिळत नाही ही आमची जुनी रड आहे. एक हँडलवाली कॉट आणि एक व्हीलचेअर लागेल, कुणाच्या घरी पडून असेल तर सांगा, टेम्पोचं मी बघते. रुग्णालयाची परवानगी सिव्हिल सर्जनकडून लागेल, तिथं अर्ज कसा करायचा ते मला माहिती आहे, पण अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर पाहिजे. दुसऱ्या कुठल्या कॉलेजचे प्राध्यापक हे वाचत असतील आणि तुमच्याकडे टॅलीवाले नसतील तर तुम्ही लेटरहेड घेऊन या, मी तुमच्याकडे येते.