‘ते पाणी पितंय कोण?’: साइटवरचं पाणी आणि लिजिओनेला

साइट इंजिनिअरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणे लिजिओनेला (पाण्यात वाढणारा, न्यूमोनिया करणारा जंतू) म्हणजे परदेशातल्या एसीचा आजार; साइटवरचं पाणी कुणी पीत नाही; नवी पाइपलाइन स्वच्छच असते; आणि टाकीत क्लोरीन टाकलं की विषय संपला.

‘पीत नाही’ हा मुद्दाच मुळात गैरलागू आहे. हा जंतू शिरतो तो श्वासातून. पाण्याचे बारीक तुषार फुफ्फुसात गेले की न्यूमोनिया. त्यामुळे माठापेक्षा फॉगर (धूळ बसवायला पाण्याचे तुषार मारणारं यंत्र), होजचा फवारा, टायर धुण्याची जागा आणि लेबर कॅम्पातला शॉवर यांच्याकडे बघा. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये धुळीबाबत नियम काढले आणि साइटवर फॉगर आले. चांगलंच झालं. पण त्या फॉगरची टाकी एकदा उघडून बघा: काळं प्लास्टिक, दिवसभर ऊन, तळाला बोटभर गाळ. जंतू वाढतो 20 ते 45 अंशांत. आणि हेच पाणी आपण तुषार करून माणसांवर सोडतो!

परदेशातला आजार? 1976 साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर तो उघडकीस आला, हे खरं. आपल्याकडे तो नाही असं मात्र यातून निघत नाही. थुंकीच्या नेहमीच्या कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) हा जंतू उगवतच नाही, लघवीची वेगळी तपासणी सांगावी लागते. ती सांगतंय कोण? आणि ‘एसी’वाल्यांसाठी: 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 114 जण आजारी पडले, 7 दगावले. ज्या दोन कूलिंग टॉवरशी (एसीसाठीचं पाणी थंड करणाऱ्या यंत्रणेशी) जंतू जुळला, त्यातला एक इस्पितळाचा होता आणि दुसरा चक्क बांधकाम साइटवरचा.

नव्या पाइपलाइनचं सांगतो. प्लंबर प्रेशर टेस्ट घेतो, म्हणजे पाइपात दाबाने पाणी भरून गळती बघतो, गेजचा काटा हलत नाही, सही होते. पाणी? ते आतच. ताबा द्यायला अजून सहा-आठ महिने असतात आणि बाराव्या मजल्यावरचा नळ तोवर कुणी उघडत नाही. रबरी वॉशरवर, सांध्यांत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. लाइन रिकामी केली तरी सखल भागात पाणी राहतंच. म्हणून टेस्ट जमेल तितकी उशिरा घ्या आणि एकदा पाणी भरलं की दर आठवड्याला प्रत्येक नळ सोडा, तोही शिंतोडे न उडवता. लाइनला जोडलेले पण तोंड बंद करून ठेवलेले, पाणी न वाहणारे पाइपचे तुकडे कापूनच टाका.

क्लोरीनचं म्हणणं अर्धं खरं. गाळ त्याला खाऊन टाकतो, उन्हात ते उडतं आणि बुळबुळीत थराआड जंतू सुखरूप राहतो. आधी टाकी घासून घ्या. मग लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन, एक तास, आणि ते पाणी पूर्ण काढून टाका. त्यात कुणी हात घालायचा नाही. थंड पाणी 20 अंशांखाली ठेवा, हा ब्रिटनमधला नियम मे महिन्यात आपल्याला परवडणारा नाही. पाणी खेळतं ठेवणं मात्र जमतं. फॉगर दोन-चार दिवस बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करा, आणि ही जबाबदारी कुणाची ते मुकादमाला नाव घेऊन सांगा.