टस्कनीच्या ढेकळांतून सहा दिवस

सप्टेंबरच्या शेवटी मी आणि माझी धाकटी बहीण इटलीतल्या टस्कनी प्रांतात सहा दिवस चालून आलो. मोंताल्चिनोपासून मोंतेपुल्चानोपर्यंत, रोज बारा ते पंधरा किलोमीटर, नऊ जणांचा गट आणि सोबत तिथलीच एक गाइड. फोटो टाकल्यापासून दोन प्रश्न सारखे येताहेत. "एवढा खर्च करून गेलात आणि पायी का फिरलात?" हा पहिला. दुसरा प्रश्न आमच्या ट्रेकवाल्या मंडळींचा: "वाटा खुणांनी भरलेल्या असतात, मोबाइलमध्ये नकाशा असतो, मग गाइडला पैसे कशाला द्यायचे?" कमेंटमध्ये दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आठ वर्षांपूर्वी मी बसच्या सहलीतून इटली पाहिली होती. सान जिमिन्यानो या टेकडीवरच्या गावाला पन्नास मिनिटं मिळाली. त्यातली वीस स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली, उरलेल्यात बुरूज बघितले. गावाबाहेर काय आहे, ही माणसं इतक्या उंचावर का राहिली, पाणी कुठून आणत होती, काहीच कळलं नाही. टेकडीवरचं गाव खालून चढत गेल्याशिवाय कळत नाही. सकाळी निघालात की समोरच्या टेकडीवर दुपारचं गाव दिसत असतं. ते हळूहळू मोठं होतं, मध्येच एका घळीत उतरलात की गायब होतं, आणि शेवटच्या चढावर एकदम वेस समोर येते. एका गावाहून दुसऱ्या गावाला माणूस चालत जाईल, बाजार करून उजेडात परत येईल, अशा बेतानं ती गावं वसलेली आहेत. सान क्विरिको गावातून तर व्हिया फ्रांचिजेना ही रोमला जाणारी जुनी यात्रेची वाट जाते. कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक 990 साली याच वाटेनं रोमहून परत गेला आणि त्याच्या 79 मुक्कामांची यादी मागे राहिली. वारीत दिंडीचं सामान ट्रकनं पुढच्या मुक्कामाला जातं, तशा आमच्या बॅगा रोज गाडीनं पुढे जात. पाठीवर फक्त पाणी, रेनकोट आणि खाऊ.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र जरा बैजवार सांगावं लागेल.

चालायला लागण्याच्या आदल्या दिवशी गाइडनं आम्हाला सिएनाच्या जुन्या नगरभवनात नेलं. तिथे अंब्रोजिओ लोरेंझेत्ती या चित्रकारानं 1338-39 मध्ये एका दालनाच्या भिंती रंगवल्या आहेत. चांगला कारभार आणि वाईट कारभार, आणि त्यांचे शहरावर आणि खेड्यांवर होणारे परिणाम. चांगल्या कारभाराच्या खेड्यासमोर तिनं आम्हाला बराच वेळ उभं केलं. टेकड्या आजच्यासारख्याच आहेत. पण चित्रात त्या टेकड्यांवर माणसं आहेत. कोणी नांगर धरलाय, कोणी कापणी करतंय, काही जण मळणीला उभे आहेत, एक जण डुकराला हाकत शहराकडे निघालाय. ती म्हणाली, "उद्यापासून चालताना ही माणसं शोधा." तेव्हा मला वाटलं, गटाला गुंतवून ठेवायला काहीतरी खेळ दिलाय. खरंच शोधायला लागले तेव्हा तिसऱ्या दिवसापर्यंत आम्हाला शेतात एकूण चार माणसं दिसली, त्यातले तिघे ट्रॅक्टरवर.

आमच्या गटातले काही जण पहिल्याच दिवशी हिरमुसले होते. त्यांनी मे महिन्यातले फोटो पाहिले होते. हिरवा मखमली गहू, मध्ये लाल पॉपी. सप्टेंबरअखेर तिथे गहू कापून झालेला असतो आणि राखाडी मातीचे नांगरलेले उघडे डोंगर दिसतात. मी शेतकऱ्याची मुलगी. मला ते नांगरट झालेलं रान बघून घरी आल्यासारखं वाटलं. बांधावरून एक ढेकूळ उचललं. वजनाला जड, पांढरट राखाडी, एका अंगाला फाळानं कापल्याची गुळगुळीत चकाकी. चिरडायला गेले तर दगडासारखं. दोन्ही हातांनी जोर लावला तरी फुटेना. ही चिकणमाती, गाइड सांगत होती, एके काळी इथे समुद्र होता त्याच्या तळाची. म्हणून मध्येच शिंपल्यांचे तुकडे सापडतात. आणि मग तिनं विचारलं, "बैलांनी हे नांगरायला किती वेळ लागत असेल?"

तिचे आजोबा याच माती‍वर बैल हाकत होते, तेही दुसऱ्याच्या मालकीच्या. मध्य इटलीत शतकानुशतकं शेतीची एकच पद्धत होती, मेझ्झाद्रिया. आपल्याकडच्या भाषेत अर्धेली. जमीन मालकाची, घर मालकाचं, कष्ट कुळाच्या सगळ्या कुटुंबाचे आणि पीक निम्मं-निम्मं. वर सणावाराला मालकाच्या घरी कोंबड्या, अंडी पोचवायची. हिशेब ठेवणारा कारभारी मालकाचा. वर्षाअखेर कुळाला घर-रान सोडून जायला सांगता येई. आज ज्या एकाकी दगडी घरांचे, शेजारी दोन सरूच्या झाडांचे फोटो आपण मोबाइलच्या वॉलपेपरला लावतो, ती बहुतेक सगळी या कुळांची घरं. खाली बैलांचा गोठा, वर स्वयंपाकघर, म्हणजे हिवाळ्यात जनावरांची ऊब वर चढायची.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमचे आजोबा आले. तेही कूळच. 1 एप्रिल 1957 हा आपल्याकडचा कृषक दिन. कुळकायद्यानं कसणाऱ्याला जमीन मिळाली आणि त्यानंतर काही वर्षांनी आमची अडीच एकर त्यांच्या नावावर झाली. माझं शिक्षण त्या अडीच एकरावर झालं. इटलीत नवीन मेझ्झाद्रिया करार करायला 1964 च्या कायद्यानं बंदी आली, आणि उरलेले करार खंडात, म्हणजे ठरावीक भाड्यात, बदलायचा कायदा आला 1982 मध्ये. पण तोवर बहुतेक कुळं निघून गेली होती. पन्नास-साठच्या दशकांत ती शहरांकडे, कारखान्यांकडे गेली. घरं ओस पडली. गाइडचे आजोबा शहरात जाऊन विटांच्या भट्टीवर लागले. मातीशीच संबंध राहिला, पण पीक गेलं.

आता त्या घरांची फार्म-स्टे झालीत. आम्ही एकात राहिलो. सुंदर, स्वच्छ, मालकीणबाई प्रेमळ. अंगणात निळाशार पोहण्याचा तलाव. सगळे त्याचे फोटो काढत होते. गाइड हळूच म्हणाली, "हे खळं होतं." मग दिसायला लागलं. वाऱ्याच्या तोंडावरची सपाट जागा, कडेला फरशीचा जुना तुकडा शिल्लक. उफणणीला वारा लागतो, खळं कुणी उगीच कुठेही करत नाही. त्या जागेला मी चप्पल काढून नमस्कार केला. आमच्याकडे खळ्यात चप्पल घालून जात नसत.

हे नकाशानं सांगितलं असतं का? मोबाइल वाट दाखवतो, अगदी अचूक दाखवतो. तिथल्या पांढऱ्या-लाल पट्ट्यांच्या खुणाही उत्तम आहेत, खरोखर हरवणं अवघड आहे. पण खुणा बघत चाललो असतो तर आम्ही एका अतिशय देखण्या चित्रातून चालत गेलो असतो आणि तसेच बाहेर पडलो असतो. प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकात "काळ थांबलेला प्रदेश" असं छापतात, त्याचा मला आता राग येतो. काळ तिथे अजिबात थांबलेला नाही. ला फोचे या इस्टेटीजवळची ती सरूच्या झाडांची नागमोडी वाट घ्या, जी प्रत्येक कॅलेंडरवर असते. ती मध्ययुगीन वगैरे नाही. इस्टेटीच्या मालक ओरिगो दाम्पत्यानं 1924 मध्ये तिथली ओसाड जमीन घेतली आणि सुधारली, त्यानंतरची ती लागवड. चिकणमातीचे उंचवटे यंत्रांनी सपाट करून गहू पेरला तोही विसाव्या शतकातच. युनेस्कोनं 2004 मध्ये आम्ही चाललो त्या व्हाल दोर्चा खोऱ्याला जागतिक वारसा म्हटलं ते शेतीनं घडवलेला प्रदेश म्हणूनच. घडवणाऱ्यांची नावं सांगायला तिथलंच माणूस बरोबर हवं.

आणि वाटेचंही सांगते. चौथ्या दिवशी पहाटे तासभर पाऊस पडला. आम्ही बूट बांधून तयार. गाइड बाहेर जाऊन बांधावर चार पावलं टाकून आली, बुटाचा तळ आम्हाला दाखवला. चार बोटं जाडीचा चिखल. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात होतं तसंच, पावलागणिक पाय जड. तिनं शेतातली वाट सोडली आणि पांढऱ्या खडीच्या रस्त्यानं दोन किलोमीटर लांबून नेलं. माझ्या डाव्या गुडघ्याची तिला पहिल्या दिवसापासून कल्पना होती. नकाशात ती घसरडी वाट त्या सकाळीही निळ्या रेषेनं दिसत होतीच.

बान्यो विन्योनीबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. या गावाला चौकच नाही, चौकाच्या जागी गरम पाण्याचं मोठं दगडी कुंड आहे. सकाळी त्यावर वाफ तरंगते. कुंडात उतरायला बंदी आहे, पण पाणी पुढे गावाबाहेर दगडी पाटांतून वाहतं आणि कड्यावरून खाली जातं, जिथे पूर्वी त्याच पाण्यावर गिरण्या चालत. आम्ही दोघी बहिणी त्या पाटात पाय सोडून अर्धा तास बसलो. शेजारी एक म्हातारं इटालियन जोडपं तसंच बसलेलं. कुणी कुणाशी बोललं नाही.

जेवणाचं बरेच जण विचारतात. बहीण पूर्ण शाकाहारी, तरी उपाशी राहिली नाही. पिची नावाच्या हातानं वळलेल्या जाड शेवया, वर टोमॅटो आणि तिथल्या मोठ्या लसणाचा रस्सा. शिळ्या पावाची आणि काळपट कोबीच्या पानांची उकळलेली रिबोल्लिता. तिथला पाव बिनमिठाचा असतो, त्यावर गटातले काही कुरकुरत होते. आपण भाकरीत तरी कुठे मीठ घालतो? बरोबरचं कालवण खारट असतं, त्यांचंही तसंच, पेकोरिनो हे मेंढीच्या दुधाचं चीज चांगलं खारट. या पेकोरिनोचीही गोष्ट गाइडनंच सांगितली. वाटेतल्या पिएन्झा गावचं पेकोरिनो जगभर नावाजलेलं, दुकानांतून त्याच्या चवडी लागलेल्या. कुळं निघून गेल्यावर ओस पडलेली रानं साठच्या दशकात सार्डिनिया बेटावरच्या मेंढपाळांनी घेतली, मेंढ्या घेऊन इकडे आले आणि आज यातलं पुष्कळसं चीज त्या कुटुंबांच्या हातचं असतं. पिएन्झा म्हटलं की लोक पोप पायस दुसरा सांगतात. त्यानं आपल्या जन्मगावाचा, कोर्सिन्यानोचा, 1459 पासून रोस्सेल्लिनो या वास्तुकाराकडून कायापालट केला, गावाला स्वतःचं नाव दिलं. तो चौक सुरेख आहेच. पण मला चीजवाल्या बाईच्या दुकानात जास्त वेळ थांबावंसं वाटलं. तिचे वडील बोटीतून मेंढ्या घेऊन आले होते.

आम्ही कोल्हापूरच्या, त्यामुळे एक गोष्ट सुरुवातीलाच केली होती, फ्लॉरेन्सला उतरल्या दिवशी. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लॉरेन्समध्ये वारले, अवघ्या विशीत. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, आणि 1874 पासून तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. जवळच्या मोठ्या पुलाचं नावही त्यावरूनच पडलंय, "इंडियानो". नदीकाठच्या बागेतून आम्ही तिथपर्यंत चालत गेलो. तिथे व्यायामाला आलेल्या एका मुलाला विचारलं, हे कोण? म्हणाला, एक भारतीय राजपुत्र. नाव त्याला माहीत नव्हतं. आम्ही सांगितलं. त्यानं दोनदा म्हणून बघितलं.

मोंतिक्येल्लोला पाचव्या दिवशी पोचलो. दोन-तीनशे वस्तीचं तटबंदीतलं गाव. इथले गावकरी 1967 पासून दर उन्हाळ्यात गावाच्या चौकात नाटक करतात. लिहितात तेच, काम करतात तेच, आणि विषय त्यांचाच. रान सोडून जाणं, ओस पडलेली घरं, कुळाचं जगणं, पर्यटकांनी भरलेलं आणि माणसांनी रिकामं होत चाललेलं गाव. तेआत्रो पोवेरो म्हणतात, म्हणजे गरीब रंगभूमी. आम्ही पोचलो तेव्हा हंगाम संपला होता, याची हळहळ वाटली. नाटकावर जीव टाकणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, जुलै-ऑगस्टमध्ये जमलं तर उन्हाची पर्वा न करता जा.

पैशांचं म्हणाल तर हो, बसच्या सहलीपेक्षा एका दिवसाचा खर्च जास्त पडला. पाच शहरं कमी झाली. माझ्या मते आठ दिवसांत आठ शहरं बघण्यापेक्षा त्या पैशात एक खोरं पायांनी बघावं, आणि पैसे वाचवायचे तर हॉटेलात वाचवावेत, गाइडमध्ये नाही. गाइड तिथलीच हवी, तिथल्या परवान्याची, आणि गट बारापेक्षा मोठा नको. आपण पन्हाळा ते पावनखिंड दर पावसाळ्यात चालतो. मसाई पठाराखालच्या वाड्यांतून चहा पितो, मुक्काम करतो. मी सात वेळा गेले. तिथल्या एकाही घरात मी विचारलं नाही, ही जमीन तुमची कधीपासून? येत्या जुलैत विचारणार आहे.

शेवटच्या दिवशी मोंतेपुल्चानोच्या खाली, सान बियाजोच्या चर्चजवळच्या हिरवळीवर जेवायला बसलो होतो. गाइडनं पाठपिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक वही काढली. आजोबांची, कुळाच्या हिशेबाची. डावीकडे देणं, उजवीकडे येणं, सगळं कारभाऱ्याच्या वळणदार अक्षरात. आजोबांना वाचता येत नव्हतं. वर्षाच्या तळाशी बहुतेक पानांवर देणंच उरलेलं. कडेला मात्र फुली होती, आजोबांची सही.

मी भाच्याला व्हॉट्सॲपवर मेसेज केला. आपल्याकडे दुपार कलली होती, त्यानं लगेच घरातल्या जुन्या सातबाऱ्याचा फोटो पाठवला. तिनं मोबाइल दोन्ही हातांत धरला, अक्षरं मोठी करून बघितली. मग विचारलं, "यात तुमच्या आजोबांचं नाव कुठलं?"

मी बोट ठेवून दाखवलं.