एमटीएचएफआरच्या भीतीने फॉलिक ॲसिड सोडू नका

"एमटीएचएफआर जनुकात बदल असेल तर फॉलिक ॲसिड शरीराला वापरताच येत नाही, ते साचून विष होतं. गर्भपात आणि रक्ताच्या गुठळ्या त्यामुळेच. चाचणी करा, गोळी बंद करा." हा संदेश सगळीकडे फिरतोय. बाळाचा विचार करणारी एखादी तो वाचून गोळी थांबवू शकते, याची मला खरोखर काळजी वाटते.

"वापरताच येत नाही." फॉलिक ॲसिड म्हणजे फोलेट या बी-9 जीवनसत्त्वाचं गोळीतलं रूप. एमटीएचएफआर जनुक त्याच नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, बनवतं. पण गोळीतल्या फॉलिक ॲसिडवर आधी काम करतं ते डीएचएफआर, म्हणजे वेगळंच एन्झाइम. डीएनए घडवायला लागणारं मिथिलीन-टेट्राहायड्रोफोलेट हे को-एन्झाइम (एन्झाइमचा मदतनीस रेणू) त्यापुढे तयार होतं, तेही एमटीएचएफआरशिवाय. एमटीएचएफआरची पाळी त्यानंतर: ते याच रेणूपासून मिथाइल-टेट्राहायड्रोफोलेट (मिथाइलफोलेट) बनवतं, आणि त्याच्या मदतीने होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचं मेथिओनीन हे दुसरं अमिनो आम्ल होतं.

"जनुक बंद पडलेलं असतं." तेही नाही. जनुकात 677 व्या जागी डीएनएच्या सी या अक्षराऐवजी टी, हा नेहमी आढळणारा बदल आईवडील दोघांकडून आला तरी एन्झाइमची क्षमता प्रयोगशाळेत सुमारे 30 टक्के उरते. एकाकडूनच आला तर सुमारे 65. सारखंच फॉलिक ॲसिड घेतलं तर दोघांकडून बदल आलेल्यांच्या रक्तातलं फोलेट बदल नसलेल्यांपेक्षा साधारण 16 टक्क्यांनीच कमी भरतं. या बदलामुळे एन्झाइमची बी-2 जीवनसत्त्वापासून बनलेल्या एफएडी या मदतनीस रेणूवरची पकड सैल होते. मात्र पुरेसं फोलेट असेल तर ते एन्झाइमला स्थिर ठेवतं. म्हणजे ज्यांच्यात हा बदल आहे, त्यांनीच फोलेट तोडायचं? हा सल्ला नेमका उलटा आहे.

"फॉलिक ॲसिडऐवजी मिथाइलफोलेटची गोळी घ्या," असंही सांगतात. गर्भाची मज्जानलिका, जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात, गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत बंद होते, बऱ्याचदा दिवस राहिल्याचं कळायच्या आधीच. ती नीट बंद न होण्याचा दोष आधीच्या गर्भात झालेल्या स्त्रियांवर झालेल्या, 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिडने तो पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. 677 चा बदल 1995 मध्ये उजेडात आला, म्हणजे त्या स्त्रियांची निवड जनुक पाहून झालीच नव्हती. मज्जानलिकेचे दोष टाळण्याचा असा पुरावा मिथाइलफोलेटकडे नाही. इतर स्त्रियांसाठी नेहमीचा डोस रोज 400 मायक्रोग्रॅम, जनुकात बदल असो वा नसो.

गुठळ्या आणि वारंवार गर्भपातांसाठी ही चाचणी करू नये, असं अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकशास्त्रज्ञांच्या संस्थेने 2013 मध्येच सांगितलंय.

एमटीएचएफआरची तीव्र कमतरता हा मात्र खरा आजार आहे. तो अतिशय दुर्मीळ आहे, त्यात होमोसिस्टीन प्रचंड वाढतं आणि बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते. त्याचे उपचार तज्ज्ञ ठरवतात. 677 च्या अहवालाचा आणि त्याचा संबंध जोडू नका.