परतीचे दोर

मे महिन्यात सिंहगड पळत चढायची कल्पना माझी नव्हती. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर रात्री कुणीतरी 'उद्या सिंहगड लूप?' असं टाकलं आणि अकरा जणांनी अंगठे वर केले. सकाळी साडेपाचला आतकरवाडीत माझाच अंगठा हजर होता. बाकीच्या दहांची वाट बघण्यात सव्वासात वाजले, आणि ऊन मात्र वेळेवर आलं.

लूप म्हणजे पायवाटेने पुणे दरवाजापर्यंत चढायचं, उतरताना गाडीरस्त्याने खाली यायचं आणि पायथ्याला वळसा घालून पुन्हा आतकरवाडी गाठायची. पायवाट जेमतेम पावणेतीन किलोमीटर, पण चढ सुमारे सहाशे मीटर. घाटरस्ता तिच्या तिप्पट.

पहिली पाच मिनिटं मी खरंच पळालो. पुढच्या प्रकाराला दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून स्वतःलाच वर ढकलणं म्हणता येईल. २२० वजा वय या हिशेबाने सेहेचाळिसाव्या वर्षी हृदयाला १७४ ठोक्यांपर्यंत मुभा असते. घड्याळ १८१ दाखवत होतं, म्हणजे सात ठोके उधारीवर चालले होते.

तानाजी मालुसऱ्यांनी हा गड घेतला तो १६७० च्या फेब्रुवारीत, थंडीच्या दिवसांत, आणि तेही रात्री. शाळेत मी ही सनावळी म्हणून पाठ केली होती. सव्वाआठला तापलेल्या कातळावर तळहात टेकला तेव्हा त्यामागचं नियोजन कळलं.

एवढ्यात डोक्यावर ताकाचा हंडा घेतलेली, पायात स्लिपर घातलेली एक मावशी मागून आली. 'दादा, पळताय कशापायी? कुनी मागं लागलंय व्हय?' असं विचारून, उत्तराला न थांबता पुढे गेली. थांबली असती तरी मला बोलता आलं नसतं.

वर पोचलो तेव्हा तिचं दुकान झाडाखाली थाटून झालं होतं. दोन ग्लास ताक एका दमात संपवलं. पैशांसाठी खिसे उपसले : किल्ली, खजुराची पुडी, रुमाल, सगळं तिच्या पाटीशेजारी मांडलं तेव्हा तळातून घामाने लिबलिबीत झालेली शंभराची नोट निघाली. मावशीने ती चिमटीत धरून उन्हात वाळत घातली आणि वर दगड ठेवला. नोट वाळेपर्यंत तिसरा ग्लास झाला. पिठलं-भाकरीचा वास येत होता, पण लूप अर्धा राहिला होता.

आता इथून त्याच पायवाटेने उतरलो असतो तर पाऊण तासात स्कूटरपाशी असतो. सूर्याजीने परतीचे दोर कापले आणि पळ काढणारे मावळे माघारी फिरले, असं सांगतात. माझे दोर शाबूत होते. ते मी स्वतःच कापले, कारण 'मी एकटा पूर्ण करतोय' असं ग्रुपवर तोवर टाकून बसलो होतो. दहाही अंगठे आता जागे झाले होते.

घाटरस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वरून ऊन, खालून डांबर, समोरून मोटारी. एका मोटारीतून चारेक वर्षांची मुलगी ओरडली, 'आजोबा, कमॉन!' एक मोटारसायकलवाला थांबून 'बसा' म्हणाला. मी नकार दिला आणि पुढची तीन वळणं त्या नकाराला शिव्या देत उतरलो. रस्त्याकडेला पानांच्या द्रोणात करवंदं होती. ती घ्यायला वाकायचं धाडस झालं नाही. वाकलो असतो तर उठलो नसतो.

अकराला आतकरवाडी. घड्याळावरच्या नकाशात रेघेची दोन टोकं जुळायला थोडी फट दिसत होती, म्हणून पार्किंगमध्ये लंगडत एक फेरी मारली. रेघ जुळली. फोटो काढला, ग्रुपवर टाकला, आणि स्कूटरपाशी जाऊन खिशात हात घातला.

खजूर होते. रुमाल होता.

मी गडाकडे बघितलं. सहाशे मीटर वर, एका झाडाखाली, पाटीशेजारी.

पार्किंगच्या पोराला सगळी हकिकत सांगितली. 'ती व्हय,' तो म्हणाला, 'आमच्याच वाडीतली. काळजी करू नका, सांभाळून ठेवंल. खाली येतीच की ती.'

'किती वाजता?'

'ताक संपलं की.'