सिडनी–सान्तियागो विमान आहे हो, नाना!

‘सिडनीहून चिलीच्या सान्तियागोला थेट विमान जातच नाही, कारण पृथ्वी सपाट आहे.’ हा चार मुद्द्यांचा फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा आला, तिन्ही वेळा सोडून दिला. पण रविवारी आमच्या नानांनी तो आठवीतल्या नातीला पाठवला आणि तिचा मला फोन, “मामा, मग भूगोलाच्या पेपरात काय लिहू?”

पहिला मुद्दा: असं विमानच नाही. आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास विमान कंपनीचं वेळापत्रक उघडा. २०१२ पासून ही कंपनी सिडनी–सान्तियागो उडते (कोविडचा खंड सोडून). आधी जम्बो (बोइंग ७४७) होतं, आता बोइंग ७८७ आहे. साधारण साडेबारा तास लागतात.

आता फॉरवर्डमधलाच तो सपाट नकाशा घ्या, मधोमध उत्तर ध्रुव असलेला. त्यावर ही दोन शहरं दोन टोकांना जातात आणि अंतर भरतं पंचवीस हजार किलोमीटरच्या वर. साडेबारा तासांत तेवढं कापायचं तर ताशी दोन हजारांचा वेग हवा, म्हणजे जवळजवळ काँकॉर्ड, ते आवाजाहून वेगवान विमान! ७८७ जातं ताशी नऊशेच्या आसपास, आणि त्याचं इंधन तर वाटेतच संपेल. म्हणजे तुमचा नकाशा खरा मानला, तर दर वेळी प्रवाशांना समुद्रात बुडवावं लागतं.

भाचीला तिचा छोटा ग्लोब आणायला लावला. विषुववृत्तावर दोरा गुंडाळला, भरला ६४ सेंटिमीटर. मग तोच दोरा सिडनी ते सान्तियागो ताणून धरला. न्यूझीलंडच्या खालून जात भरला १८. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर, त्रैराशिक तिनेच मांडलं: सव्वाअकरा हजार. खरं अंतर ११,३४० च्या आसपास आहे. दोऱ्याने मोजून एवढं जमतं!

दुसरा: पृथ्वी फिरते, तर विमान हवेत थांबलं की शहर खाली का येत नाही? चालत्या एसटीतला डास मागच्या काचेवर आपटतो का? एसटीतली हवा एसटीबरोबर जाते, तशी आपली हवा पृथ्वीबरोबर. पुढे चला.

तिसरा: अंटार्क्टिकावर कुणाला उडू देत नाहीत. १९७९ मध्ये न्यूझीलंडहून पर्यटकांना घेऊन गेलेलं विमान तिथल्या माउंट एरेबसवर आदळून २५७ माणसं गेली. न उडता?

चौथा: दक्षिण गोलार्धात लांबची थेट विमानं नसतातच. यात मात्र, नाइलाजाने, थोडं तथ्य आहे. तिथे अशी विमानं कमीच, आणि तिकीट शोधलं तर बऱ्याचदा दुबई-दोहावरून फिरवतात. पण तिकडे माणसंच कमी, प्रवासी कुठून आणणार? शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला, एक बंद पडलं तर ठरावीक वेळेत उतरता येईल असा विमानतळ जवळ लागतो. त्या समुद्रात तो मिळणं कठीण. म्हणून पूर्वी तिथे चार इंजिनांचं जम्बो; दोन इंजिनांच्या ७८७ला आता ही वेळ वाढवून मिळाली आहे.

नानांना दोऱ्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं, “ग्लोबच गोल घेतलास, मग गोलच येणार ना!”